मेजिदियाला, इम्रानकडे

बीड

माझी थोरली बहीण, आमची आपा, आयुष्यात एकदाच विमानात बसली, ती लेकाला घरी आणायला. लेक जिवंत नव्हता. रोमानियातल्या मेजिदिया नावाच्या छोट्या शहरात तो बांधकामावर वेल्डर होता. गेल्या हिवाळ्यात कामावरच छातीत कळ येऊन गेला आणि तिथल्या मुसलमानांच्या कबरस्तानात त्याला माती दिली गेली. कागद अडले, ठेकेदारानं हात वर केले, बर्फ थांबेना, आणि शेवटी इथून तिच्या थोरल्या दिरांनी फोनवर होकार कळवला. आपाला विचारलं होतं म्हणतात, पण त्या दिवशी तिला स्वतःचं पाणी प्यायचीही शुद्ध नव्हती. उन्हाळ्याच्या तोंडाला ती एकदाची भिंतीला टेकून उठून बसली आणि मला म्हणाली, "इम्रान मला त्याच्या बापाशेजारी पाहिजे. तू चल माझ्यासंगं."

मी तिचा धाकटा भाऊ. शिरूर कासार तालुक्यातल्या शाळांत मराठी शिकवण्यात नोकरी गेली, आता वडवणीला राहतो आणि येणाऱ्याजाणाऱ्याच्या चुका काढतो. आमच्या घरातलं बोलणं दखनी, पण मला लिहिता येतं ते मराठीच. म्हणून आपाचं बोलणंही इथं मराठीतच उतरवलं आहे. तिची हरकत नाही, मी विचारून घेतलंय.

पासपोर्टच्या कचेरीत एक गंमत झाली. 'मेहरुन्निसा बेगम' असा पुकारा झाला आणि कुणी उठेना. पुन्हा पुकारा. मीही मान वळवून बघतोय, की ही कोण बाई झोपलीय का काय. मग एकदम माझी ट्यूब पेटली आणि मी शेजारी बसलेल्या आपाला कोपरानं ढोसलं. ती म्हणाली, "अरे हो, मीच की!" माहेरी ती आपा, सासरी आधी दुल्हन आणि मग जन्मभर इम्रानची अम्मी. भाऊजी सीताफळांचा गाडा लावायचे. भर बाजारात हाक मारायची झाली तरी ते "इम्रानची अम्मी" अशीच मारायचे. त्या दिवशी आम्ही दोघं बहीणभाऊ कचेरीच्या पायऱ्यांवर बसून हसलो. इम्रान गेल्यावर ती पहिल्यांदाच हसली होती.

तिच्या पिशवीत शेजारच्या हाजीसाहेबांनी दिलेलं, मक्केच्या जमजमच्या पाण्यातून काढलेलं कफनाचं पांढरं कापड होतं. माझ्या पिशवीत धपाटे होते. ते सुदामच्या आईनं शिरूरहून पाठवलेले. सुदाम म्हणजे इम्रानचा तिथला खोलीतला जोडीदार आणि माझा जुना विद्यार्थी. विद्यार्थी म्हणजे अर्धा; दिवाळी झाली की त्याचे आईबाप त्याला घेऊन ऊसतोडीला जायचे आणि माझ्या हजेरीत त्याच्यापुढं उन्हाळ्यापर्यंत फुल्या पडायच्या. पुढं तो बिगाऱ्याचा गवंडी झाला आणि गवंडी होऊन रोमानियाला गेला.

नदीपलीकडे

बुखारेस्टहून रेल्वेनं पूर्वेला निघालं की आधी सपाट, हिरवीगार शेतं लागतात. मग डॅन्यूब नदी येते. तिच्यावरचा लोखंडी पूल इतका लांब आहे की आपाची एक अख्खी दुआ म्हणून झाली तरी आम्ही पाण्यावरच होतो. पलीकडच्या मुलखाला दोब्रोजा म्हणतात. पूल ओलांडला आणि जमीन बदलली. झाडं कमी झाली, बोडक्या टेकड्या आल्या, वाऱ्यानं धूळ उडू लागली, मेंढरांचे कळप दिसले. आपा इतका वेळ खिडकीकडं पाठ करून बसली होती. ती वळून म्हणाली, "ही तर आपल्याकडचीच जमीन हाय रे." मला आपली बालाघाटाची उतरण आठवली. फरक इतकाच की इथं विजेच्या खांबांवर करकोचे घरटी करून बसले होते आणि बांधाबांधानं लाल पॉपीची फुलं होती.

मेजिदियाच्या फलाटावर सुदाम उभा होता. पाया पडला, माझ्या आणि मग आपाच्या. आपानं त्याच्या तोंडावरून हात फिरवला आणि तो फलाटावरच ढसाढसा रडला. तेव्हाच मला कळलं की इम्रानच्या मागं रडायला त्याला इतके महिने कुणी मिळालंच नव्हतं.

"लई वारं हाय गुरुजी इथं," डोळे पुसत तो म्हणाला. "कान बांधा. चाची, तुमी बी."

दुसऱ्यांचं शहर

हे शहर वसलं तेच परागंदा माणसांसाठी. क्रिमियात मोठी लढाई झाली, तिथल्या तातार मुसलमानांचा मुलूख सुटला, ते जहाजांतून काळा समुद्र ओलांडून या किनाऱ्याला लागले. तेव्हा हा भाग तुर्कांचा. त्यांच्या सुलतानानं माळावर सरळ रस्ते आखून या लोकांना घरं दिली आणि त्याच्याच नावावरून मेजिदिया हे नाव पडलं. त्या काळातली दगडी मशीद अजून उभी आहे. एकच मिनार, अंगणात लिंडेनची झाडं, आत जुने गालिचे. पुढं मुलूख रोमानियाचा झाला, पुष्कळ तुर्क आणि तातार निघून गेले, रोमानियन आले. पहिल्या महायुद्धात इथं लढायला आलेले सर्बियाचे शिपाई इथंच पडले. त्यांचं पिरॅमिडसारखं स्मारक गावात आहे. त्या शिपायांच्या गावची माणसं इथं कितीदा येत असतील कोण जाणे.

मग साम्यवादी राजवट आली. सिमेंटचा कारखाना आला, खोक्यांसारख्या इमारती आल्या आणि कालवा आला. डॅन्यूबपासून समुद्रापर्यंत कालवा खणायचा असं वरून ठरलं आणि तो खणायला कैदी आणले. चोर-दरोडेखोर थोडेच. बहुतेक जण मास्तर, पाद्री, इमाम, जमीन सोडायला नकार दिलेले शेतकरी. किती मेले याचा मेळ कुणालाच नाही. काम मध्येच बंद पडलं, पुष्कळ वर्षांनी दुसऱ्यांनी पुरं केलं. आज तो कालवा गावाला लागून शांत वाहतो. त्यावरून धान्याचे पडाव जातात आणि काठावर म्हातारे गळ टाकून बसलेले असतात.

आणि आता घरांना कुलपं आहेत. पोरंपोरी जर्मनी, इटली, स्पेनला गेली. गल्लीत फिरताना दर दोन घरांआड पडदे ओढलेले, अंगणात गुडघाभर गवत. शिरूर कासारात दिवाळीनंतर गावात फिरलं की असंच दिसतं, म्हातारे आणि कुलपं. इथली माणसं बाहेर गेली म्हणून इथल्या भिंती बांधायला आमची माणसं आली. हे मला फलाटापासून गल्लीपर्यंतच्या वाटेत सुदामनंच सांगितलं आणि वर म्हणाला, "आपल्यासारकंच हाय गुरुजी. फक्त कोयता न्हाई."

बितायचं घर

आमची उतरायची सोय एमिने-बितायकडं होती. बिताय म्हणजे तातार लोकांत आजी. पंचाहत्तरीची, ठेंगणी, डोक्याला फुलाफुलांचा रुमाल, आणि चालताना एका अंगावर कलणारी. सुदाम आणि इम्रान जिथं राहत त्या मजूरघराच्या मागच्याच गल्लीत तिचं घर. नवरा केव्हाच गेलेला, एकुलता मुलगा जर्मनीत, तो सणालाही येत नाही, फोन करतो.

दारातच तिनं आपाचे दोन्ही हात धरले आणि काहीबाही बोलत राहिली. तातारी, रोमानियन सगळं मिसळून. सुदाम रोमानियन मोडकंतोडकं बोलतो, तोच आमचा दुभाषी. तो म्हणाला, "ती म्हनती, पोराची आई आली, घर भरलं." आपानं तिला मिठी मारली. दोघींना एकमेकींच्या बोलण्यातलं अक्षरही कळत नव्हतं आणि तरी दोघी एकमेकींना सगळं सांगत होत्या.

जेवायला शुबेरेक होते. आपल्या करंजीच्या चौपट आकाराची, आत खिमा भरलेली, तेलात फुगलेली पुरी म्हणा. सोबत घट्ट दही. मी अधाशासारखे खाल्ले आणि एकातला गरम रस सरळ नव्या शर्टावर घेतला. बिताय इतकी हसली की तिला खुर्ची धरावी लागली. मी उगाच रागावल्यासारखं केलं. पोटात बरं वाटत होतं.

मग तिनं आम्हाला मागच्या अंगणात नेलं. तिथं एक मेंढा बांधलेला होता. भरदार, शिंगं वळलेली, नजर आमच्या वडवणीच्या जुन्या सरपंचासारखी.

"ह्यो इम्रानचा," सुदाम म्हणाला.

तातार लोकांत वसंतात एक सण असतो, तेपरेश. त्या दिवशी माळावर कुस्त्या होतात. कमरेला पट्टा गुंडाळून एकमेकांचा तो पट्टा धरायचा आणि समोरच्याला पाठीवर पाडायचा. जिंकणाऱ्याला मेंढा. इम्राननं पोरपणी बीडच्या तालमीत लाल माती अंगाला लावलेली. मागच्या तेपरेशला हे गडी नुसते बघायला गेले होते, आणि त्यानं एकदम जोडे काढले. पट्ट्याची कुस्ती त्याला ठाऊक नव्हती, तरी मेंढा खांद्यावर घेऊनच आला. ठेवायचा कुठं? खोलीत आधीच सहा जण. म्हणून बितायच्या अंगणात. रोज कामावरून आला की चारा घालायला यायचा, तिच्याकडं चहा प्यायचा, तिचं गळकं छप्पर सांधून द्यायचा. आपा हे ऐकत मेंढ्याच्या पाठीवरून हात फिरवत होती. लेकानं परमुलखात कुस्ती मारली हे तिला ठाऊकच नव्हतं. फोनवर तो फक्त "जेवलीस का?" एवढंच विचारायचा.

कबरस्तान

आमच्या बीडला बायका कबरस्तानात जात नाहीत. भाऊजींना जाऊन नऊ वर्षं झाली, आपानं त्यांची कबर पाहिलेली नाही. शब-ए-बरातच्या रात्री आम्ही पुरुष कबरींवर जातो, ती घरी दिवा लावून बसते. इथं मात्र बाया जातात, गवत काढतात, पाणी घालतात, काही तर विणकाम घेऊन बसतात. फाटकाशी आपा अडखळली. बितायनं तिचं मनगट धरून तिला आत नेलं.

टेकडीच्या उतारावर जुने दगड वाऱ्यानं कलून गेलेले. खालच्या अंगाला इम्रान. कबरीभोवती पांढरे गोटे नीट लावलेले, मधल्या मातीत जांभळ्या फुलांची रोपं, डोक्याशी लाकडी फळी आणि तिच्यावर 'इम्रान, हिंदुस्तान' एवढंच. बिताय पावसात, बर्फातही रोज इथं येते, असं सुदामनं वाटेत सांगितलं होतं. आपा खाली बसली. तिनं दोन्ही हात मातीवर ठेवले आणि आवाज न करता रडली. मी फातिहा म्हणायला लागलो आणि मध्येच मला पुढचं आठवेना. आयुष्यभर म्हटलेली फातिहा. शेवटी आपाच ती पुरी करत होती हे मला ऐकू आलं.

बिताय आम्हाला मोकळं सोडून लांबच्या नळाकडं पाणी आणायला गेली. तेव्हा आपानं सुदामला विचारलं, "कुणी केलं रे सगळं? नीट झालं ना माझ्या पोराचं?"

"लई नीट झालं चाची," तो म्हणाला. "मशिदीच्या लोकांनी आंघोळ घातली, नवं कापड आनलं. खड्ड्यात मी बी उतरलतो. मी हिंदू हाय म्हनून कुनी आडवलं न्हाई. समदं झाल्यावर लोक मागं सरले आन् इमाम एकलेच कबरीपाशी थांबले. मातीतल्या मानसाला नावानं हाक मारत्यात हिकडं. तुला आता फरिश्ते इचारतील, तवा असं असं सांग, असं शिकवत्यात."

आमच्या मोहल्ल्यात ही पद्धत नाही, पण ऐकून मला ठाऊक होती. आणि ती हाक बापाच्या नावानं मारत नाहीत. अमक्या आईच्या लेका, अशी मारतात.

आपानंच विचारलं. "काय नाव घेतलं माझं?"

सुदाम खाली बसला आणि मातीकडं बघत बोलला. "चाची, इमामांनी मला इचारलं, आईचं नाव काय? आन् मला ठावं न्हवतं. मी तुमाला चाची म्हनतो. त्यो अम्मी म्हनायचा. त्याच्या फोनात बी अम्मी असंच व्हतं. पासपोर्ट ठेकेदाराकडं. तीन वरसं एका खोलीत ऱ्हायलो, पर तुमचं नाव इचारावं, हे कदी डोस्क्यातच आलं न्हाई. समदे हुबे. बर्फ पडायलंय. इमाम थांबलेले. माती देताना बाया फाटकाशीच थांबत्यात, तिथनं ही म्हातारी वराडली, माझं नाव घ्या. एमिने. मंग तेच घेतलं."

आपाचा चेहरा मी तेव्हा पाहिला आणि पुन्हा तसा पाहायची माझ्यावर वेळ येऊ नये. कयामतीच्या दिवशी माणसाला आईच्या नावानं पुकारतात, असं आमच्या घरात लहानपणापासून ऐकलेलं. आपाचा त्याच्यावर पूर्ण विश्वास. ती हळू आवाजात म्हणाली, "म्हणजे तिथंही माझ्या नावानं कुणी हाक मारणार न्हाई. माझं लेकरू दुसऱ्या बाईचं होऊन मातीत गेलं."

मला पासपोर्टच्या कचेरीतलं आमचं हसणं आठवलं आणि लाज वाटली.

बिताय पाण्याची झारी घेऊन आली. आपा उठली आणि तिच्याकडं न बघता फाटकाकडं चालू लागली.

इमामांचं बोलणं

त्याच दुपारी ती मशिदीत गेली. मी मागं मागं. इमाम पन्नाशीचे, सौम्य गृहस्थ, थोडं इंग्रजी बोलणारे. कबर उघडणं चांगलं नाही हे त्यांनी आधी सांगितलं. आपा म्हणाली, "त्यांना म्हणावं, मला ठाऊक हाय. तरी पाहिजे." त्यांनी बराच वेळ दाढी कुरवाळली. मग म्हणाले, आईच मागते आहे, तर मशिदीचा कागद मी देईन, नगरपालिकेत बरोबरही येईन. परवा सोमवार आहे, तेव्हा सही करा. उद्या तेपरेश आहे, उद्या कुणी भेटणार नाही.

परतल्यावर आपानं बितायच्या हातचं काही खाल्लं नाही. सुदामच्या आईचे धपाटे, जे खरं तर सुदामचे, ते काढून पाण्याबरोबर खाल्ले. बितायनं चहा ठेवला, तो गार झाला. दुसरा ठेवला, तोही झाला. ती बिचारी माझ्याकडं बघे, मी छताकडं. शेवटी सुदामनं स्वयंपाकघरात जाऊन तिला काय झालं ते सांगितलं. मला तिचा आवाज ऐकू आला, एकदाच, काहीतरी भाजल्यावर निघावा तसा.

ती बाहेर आली, रुमाल घट्ट बांधला आणि आपासमोर उभी राहून दाराकडं बोट दाखवलं. चल. आपा हलेना. तेव्हा ती म्हातारी त्या कलत्या अंगानं खाली वाकली आणि आपाच्या चपला उचलून तिच्या पायापाशी ठेवल्या. आपा ओशाळून उठली.

कालव्यावर

कालव्याचा काठ तिथून जवळच. उन्हं कललेली, पाणी हिरवट, वारा तोच. एका ठिकाणी काठ थोडा खचलेला आहे, तिथं ती थांबली. मग बोलत राहिली आणि सुदाम वाक्यावाक्यानं आमच्यापर्यंत आणत राहिला.

तिचा बाप मदरशात शिकवायचा. ती आईच्या पोटात असताना त्याला घरातून उचलून कालव्यावर नेलं. परत आला नाही. कुठं मेला, कुठं पुरला, पुरला तरी का, काही कळलं नाही. तिची आई दर सणाला इथं येऊन पाण्यात भाकरीचा तुकडा सोडायची. कबर नाही, तर जायचं कुठं? आई गेल्यावर बिताय यायला लागली.

"ती म्हनती," सुदाम म्हणाला आणि पुन्हा पहिल्यापासून सांगू लागला. "ती म्हनती, माझ्या बापाला मातीत घालताना कुनी त्याच्या आईचं नाव घेतलं न्हाई. बिगरनावाचं ढकलून दिलं. त्या दिशी इमाम थांबले, कुनी बोलंना, पोरगं तसंच खाली. मला वाटलं, परत तेच हुतंय. म्हनून माझं दिलं. मी काय चोरलं न्हाई, ती म्हनती. तुझी जागा मोकळी हुती, तिथं मी हुबी ऱ्हायले फकस्त. आता तू आलीस. तुला न्यायचा तर ने."

एक पडाव गेला, त्याच्यामागून पाण्याच्या लाटा काठाला येऊन लागल्या. मग आपानं विचारलं, "हिच्या बापाचं नाव काय?"

"कासिम."

"आणि त्याच्या आईचं?"

सुदामनं विचारलं. म्हातारीनं रुमालाची गाठ सोडून पुन्हा बांधली. बहुधा तिला हे जन्मात कुणी विचारलं नव्हतं. मग म्हणाली, "झैनब."

आपानं पाण्याकडं तोंड करून हात उचलले. दुआ मागताना तिच्या तोंडी शब्द आले, झैनबचा लेक कासिम. बितायला बाकीचं काही कळलं नसेल, पण ती दोन नावं कळली. तीही पाण्याकडं तोंड करून काठावर बसली.

तेपरेश

दुसऱ्या दिवशी सकाळी गावातल्या बाया आधी कबरस्तानात गेल्या, मग सगळं गाव माळावर. गावाचं काय, जे उरलंय ते. कुणी चादरी अंथरल्या, कुणी शुबेरेक तळायला घेतले. या दिवशी कलाकाय नावाची जाड, गोल भाकरी टेकडीवरून घरंगळत सोडतात. उताणी पडली तर पीक चांगलं, पालथी पडली तर नाही. पावसाच्या भरवशावर जगणाऱ्यांचा खेळ, आम्हाला समजावून सांगायची गरज पडली नाही. यंदा भाकरी पालथी पडली. लोक हसले, आणि म्हातारे आभाळाकडं बघायला लागले.

कुस्त्यांना गडी कमी होते. पूर्वी माळ भरायचा, बाजूचे म्हातारे मला हातवारे करून सांगत होते. सुदाम पट्टा बांधून उतरला आणि एका खाटकानं त्याला पहिल्याच झटक्याला पाठीवर घातलं. "इम्रान असता तर..." एवढंच तो धूळ झटकत म्हणाला.

आपा आणि बिताय दोघी त्यात नव्हत्या. मी शोधत कबरस्तानात गेलो. बिताय रोजच्यासारखी कबरीशी बसून फळी ओल्या फडक्यानं पुसत होती आणि पुसता पुसता बोलत होती, अगदी शेजारच्याशी बोलावं तशी. मेंढ्याचं काहीतरी असावं, कारण मध्येच तिनं शिंगांची खूण केली. आपा जरा मागं बसून ते ऐकत होती. मला बघून तिनं शेजारी बसायची खूण केली.

"एक सांग," ती म्हणाली. "तिथं नेला, त्याच्या बापाशेजारी ठेवला. मी जाऊ शकेन का त्याच्याकडं?"

मी म्हणालो, "आम्ही जाऊ की सणाला."

"तुम्ही जाल. मी फाटकाबाहेर." तिनं बितायकडं मान वळवली. "ही रोज येती. पावसात, बर्फात. बोलती त्याच्याशी. मी नेला तर हिनं कुठं जायचं? परत त्या पाण्यावर?"

मला रडू आलं. मी तिला सांगितलं की इमामांना विचारू, तिच्या नावानं पुन्हा हाक मारता येईल का. सोमवारी विचारलंही. इमाम म्हणाले, ती हाक एकदाच असते. पण देवाला काय एकेकाच्या आया ठाऊक नसतात? मी हे आपाला सांगितलं. तिनं मान हलवली आणि म्हणाली, "राहू दे. ज्या नावावर गेला त्या नावावर राहू दे. त्यांना म्हणावं, कागद नको."

पांढरं कापड तिनं निघताना बितायला दिलं. बितायनं ते दोन्ही हातांनी घेतलं आणि कपाळाला लावलं. तिच्या मुलाला जर्मनीहून यायला उशीर झाला तरी आता कापडाची सोय झाली, असं ती सुदामकडून आम्हाला सांगत होती आणि हसत होती. गाडी सुटायच्या आधी आपानं तिला जवळ ओढलं, स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं आणि म्हणाली, "मेहरुन्निसा." म्हातारीनं ते नाव म्हणून बघितलं. अडखळली, पुन्हा म्हणाली, बरोबर म्हणाली. मग गाडी हलेपर्यंत ती फलाटावरून आपाला नावानं हाका मारत राहिली.

परत बीडला

घरी पोचलो तर दारात मोहल्ल्यातल्या बायका जमलेल्या. कबर खणायची जागाही भाऊजींच्या शेजारी साफ करून ठेवली होती म्हणे. समोरच्या घरातली शांताबाई, जिच्या अंगाखांद्यावर इम्रान वाढला, पुढं आली आणि तिनं आमच्या रिकाम्या रिक्षात वाकून पाहिलं.

"कावून गं? न्हाई आनला पोराला?"

आपा ओसरीवर टेकली. चपला काढल्या. त्यांच्यावर अजून त्या माळाची धूळ होती.

"न्हाई आनला शांताबाई," ती म्हणाली. "तिथं त्याची आई हाय. एकलीच हाय बिचारी."